एडिटरमध्ये बदल केला, ब्राउझरमध्ये जुनंच पान: आधी अ‍ॅड्रेस बार वाचा

वेब डिझाइनच्या प्रत्येक बॅचला हा प्रश्न येतोच, फक्त विचारायची तऱ्हा बदलते. "सर, रंग बदलला पण दिसत नाही." "घरी चालत होतं, इथे फोटो गायब." "गो लाईव्ह दाबलं तर भलतंच पान उघडतंय." नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला संध्याकाळचं प्रॅक्टिकल असतं. कोणी सातपूर-अंबडची शिफ्ट संपवून येतं, कोणाला दिंडोरीची शेवटची एसटी गाठायची असते. अशा मुलामुलींचा अर्धा तास एफ५ दाबण्यात जातो, चांगलं लिहिलेलं कोड खोडून पुन्हा लिहिण्यात जातो, आणि कोडमध्ये तर बहुतेक वेळा काही बिघडलेलंच नसतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितो.

ब्राउझरला तुमचा एडिटर दिसत नाही. तुम्ही टाईप करता ते एडिटरच्या मेमरीत असतं. ब्राउझर वाचतो ती डिस्कवर सेव्ह झालेली फाईल, नाहीतर एखाद्या सर्व्हरने हातात दिलेली प्रत. त्यामुळे "बदल का दिसत नाही" असं विचारण्याआधी "ब्राउझर आत्ता नेमकी कुठली फाईल, कुठल्या वाटेने वाचतोय" हे विचारायचं. त्याचं उत्तर अ‍ॅड्रेस बारमध्ये लिहिलेलं असतं. क्रोम पत्त्याचा काही भाग लपवतो. अ‍ॅड्रेस बारवर राईट क्लिक करून नेहमी पूर्ण यूआरएल दाखवण्याचा पर्याय एकदा चालू करून ठेवा. शिकणाऱ्याच्या मशीनवर तो चालूच असावा असं माझं मत आहे.

पहिली चाचणी: टॅबचं नाव

कोडला हात लावण्याआधी एवढं करा. एचटीएमएल फाईलमधल्या टायटल टॅगमध्ये काहीतरी ओळखू येईल असं लिहा, समजा ‘नाशिक ७’. सेव्ह करा, ब्राउझरमध्ये रीलोड करा आणि टॅबचं नाव बघा. बदललं, तर ब्राउझर हीच फाईल वाचतोय आणि गडबड सीएसएस (रंग आणि मांडणीची फाईल), स्क्रिप्ट किंवा कॅशमध्ये (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रतींत) आहे. बदललं नाही, तर ब्राउझर दुसरंच काहीतरी वाचतोय, आणि सीएसएसमध्ये कितीही डोकं घातलं तरी उपयोग नाही. या एका चाचणीने शोध निम्म्यावर येतो.

टॅबचं नाव बदललं नाही तर आधी सेव्ह झालंय का ते पाहा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये सेव्ह न झालेल्या फाईलच्या नावाशेजारी बंद करायच्या फुलीऐवजी भरीव ठिपका दिसतो. बऱ्याचदा एचटीएमएल सेव्ह केलेली असते आणि शेजारच्या टॅबमधली सीएसएस तशीच राहते. फाईल मेन्यूत ‘सेव्ह ऑल’ आहे, तिथेच ‘ऑटो सेव्ह’ही आहे. शिकताना ऑटो सेव्ह चालू ठेवायला माझी हरकत नाही. फक्त लाईव्ह सर्व्हर (‘गो लाईव्ह’ बटणाने सुरू होणारा, सेव्ह केलं की पान आपोआप रीलोड करणारा छोटा सर्व्हर) सोबत चालू असेल तर अर्धवट टॅग लिहिलेला असतानाच पान रीलोड होतं आणि क्षणभर मोडकं दिसतं, त्याने घाबरून जाऊ नका.

सेव्ह झालं असेल तर फाईलच दुसरी आहे. व्हीएस कोडमध्ये टॅबवर राईट क्लिक करून ‘कॉपी पाथ’ घ्या आणि ब्राउझरमधल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. डाऊनलोड्समध्ये तीच फाईल दोनदा उतरली की दुसरीच्या नावापुढे आकडा लागतो. एडिटरमध्ये एक उघडी असते, ब्राउझरमध्ये दुसरी. डेस्कटॉपचंही तसंच: वनड्राईव्हचा बॅकअप चालू असेल तर तुमचा ‘डेस्कटॉप’ वनड्राईव्हच्या फोल्डरच्या आत गेलेला असतो, आणि जुना डेस्कटॉप फोल्डरही तिथेच शिल्लक असू शकतो.

झिपचा घोळ मात्र सगळ्यात फसवा. मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर प्रोजेक्टची झिप पाठवली, ती डबल क्लिक करून उघडली, आतली इंडेक्स फाईल तिथूनच डबल क्लिक केली. पान उघडतं, पण रंग नाहीत, फोटो नाहीत. कारण विंडोजने ती एकच फाईल झिपमधून काढून तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवली. सीएसएस आणि फोटो झिपमध्येच राहिले. अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘टेम्प’ हा शब्द दिसला की हेच झालंय असं समजा. झिपवर राईट क्लिक, ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, आणि मग ते नवं फोल्डर एडिटरमध्ये उघडा.

पान उघडण्याऐवजी ब्राउझरमध्ये टॅगसकट सगळं कोडच दिसत असेल, तर फाईलचं खरं नाव इंडेक्स.एचटीएमएल.टीएक्सटी असं झालेलं असतं. नोटपॅडने मागे टीएक्सटी जोडलं आणि विंडोजने ते लपवलं. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत फाईलनेम एक्स्टेंशन दाखवायला सांगा आणि नाव दुरुस्त करा.

पत्ता ‘फाईल’ने सुरू होतो की ‘एचटीटीपी’ने

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण अर्ध्याहून जास्त तक्रारी इथूनच निघतात.

एक्सप्लोररमध्ये फाईलवर डबल क्लिक केलं की पत्ता ‘फाईल:///सी:/…’ असा येतो. मधे सर्व्हर नाही, ब्राउझर थेट डिस्क वाचतो. लाईव्ह सर्व्हरने उघडलं की पत्ता ‘एचटीटीपी://१२७.०.०.१:५५००/…’ असा येतो. तिथे तुमच्याच मशीनवर एक छोटा सर्व्हर चालू असतो आणि ब्राउझर त्याच्याकडून फाईल मागून घेतो. पान वरवर एकच दिसतं, पण दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत.

पहिला फरक तिरप्या रेघेचा. लिंक टॅगमध्ये ‘/सीएसएस/स्टाईल.सीएसएस’ असं लिहिलं असेल, तर सुरुवातीच्या स्लॅशचा अर्थ ‘अगदी मुळापासून’ असा होतो. सर्व्हरवर मूळ म्हणजे तुमचं प्रोजेक्टचं फोल्डर. फाईलच्या वाटेवर मूळ म्हणजे अख्खा सी ड्राईव्ह, आणि सी ड्राईव्हवर ‘सीएसएस’ नावाचं फोल्डर कुठून असणार! स्लॅश काढून नुसतं ‘सीएसएस/स्टाईल.सीएसएस’ लिहिलं की तो पत्ता पान जिथे आहे तिथून मोजला जातो आणि दोन्हीकडे चालतो. पण तेच पान आतल्या फोल्डरमध्ये हलवलं की पुन्हा तुटतो. अशोक स्तंभावर उभं राहून सांगितलेलं ‘डावीकडे वळा’ शालिमारला उभ्या असलेल्याच्या कामाचं नसतं. आतल्या पानावरून एक पायरी वर जायला दोन टिंबं आणि स्लॅश लागतात.

दुसरा फरक जावास्क्रिप्टचा. स्क्रिप्ट टॅगला ‘टाईप’ म्हणून ‘मॉड्यूल’ दिलं, किंवा फेच ही आज्ञा वापरून शेजारची जेसन (माहिती साठवलेली) फाईल वाचायला गेलात, की फाईलच्या वाटेवर काहीच होत नाही. पान दिसतं, पण यादी रिकामी, बटणं मुकी. एफ१२ दाबून कन्सोल उघडलं तर लाल अक्षरांत ओरिजिन ‘नल’ आणि कॉर्स असं काहीतरी दिसतं. ब्राउझर डिस्कवरच्या प्रत्येक फाईलला परकं धरतो, एका फाईलला दुसरीत डोकावू देत नाही. फायरफॉक्स पूर्वी एकाच फोल्डरमधल्या फाइलींना ही मोकळीक द्यायचा. २०१९ च्या ६८ व्या आवृत्तीपासून त्यानेही ती बंद केली, कारण डाऊनलोड्समध्ये सेव्ह केलेलं एखादं फसवं पान त्याच फोल्डरमधल्या इतर फाइली वाचू शकत होतं. आपल्या डाऊनलोड्समध्ये आधार कार्डापासून बँकेच्या स्टेटमेंटपर्यंत काय काय पडलेलं असतं ते आठवा.

याच्यावर इंटरनेटवर एक उपाय सर्रास सांगितला जातो: क्रोमची सुरक्षा बंद करणारा पर्याय लावून क्रोम सुरू करा. कृपा करून करू नका. त्याच क्रोममध्ये जीमेल किंवा नेटबँकिंग उघडलंत, तर दुसरं एखादं पान ते वाचू शकतं. छोटा सर्व्हर चालवणं याहून सोपं आहे. मशीनवर पायथन असेल तर टर्मिनलमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरपर्यंत जा आणि ‘पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००’ ही ओळ रोमन अक्षरांत टाईप करा. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन), कोलन, ८०००. हा सर्व्हर पान आपोआप रीलोड करत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. एडिटरला वेगळं एक्स्टेंशन (जोड-प्रोग्राम) मात्र लागत नाही.

‘गो लाईव्ह’ दाबलं तरी

व्हीएस कोडच्या लाईव्ह सर्व्हर एक्स्टेंशनबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं. बहुतेक वेळा मूळ कारण हे असतं, की व्हीएस कोडमध्ये फोल्डर न उघडता सुटी फाईल उघडलेली असते, किंवा एक पायरी वरचं फोल्डर उघडलेलं असतं. उघडलेलं फोल्डर हेच सर्व्हरचं मूळ. डॉक्युमेंट्स हे फोल्डर उघडून आतल्या प्रोजेक्टची फाईल चालवली, तर पत्त्यात ५५०० नंतर आधी प्रोजेक्टचं नाव येतं, आणि स्लॅशने सुरू होणाऱ्या सगळ्या लिंक तुटतात. ‘ओपन फोल्डर’ने थेट प्रोजेक्टचं फोल्डर उघडा. जास्तीचं काही करावं लागत नाही.

पान उघडतं पण सेव्ह केल्यावर आपोआप रीलोड होत नाही, असं असेल तर तुमच्या एचटीएमएलमध्ये हेड किंवा बॉडी टॅग आहे का बघा. रीलोड करायला लावणारी छोटी स्क्रिप्ट लाईव्ह सर्व्हर ब्राउझरकडे पाठवताना या टॅगच्या आधाराने पानात घुसवतो. सरावासाठी नुसता एक परिच्छेद आणि एक बटण लिहिलेल्या फाईलमध्ये त्याला जागाच सापडत नाही.

पेन ड्राईव्हवरून आणलेलं फोल्डर उघडताना व्हीएस कोड त्या फाइली लिहिणाऱ्यावर विश्वास आहे का असं विचारतो. तिथे घाईत ‘नाही’ म्हटलं की फोल्डर मर्यादित मोडमध्ये उघडतं आणि बरीच एक्स्टेंशन बंद राहतात. ‘काल होतं ते गो लाईव्हचं बटण आज गेलं कुठे’ याचं कारण पुष्कळदा हे असतं.

जुना प्रोजेक्ट डोकं वर काढतो तेव्हा

हे क्वचित घडतं, पण घडलं की माणूस चक्रावून जातो. येवल्याच्या पैठणीच्या दुकानाचं पान तुम्ही चालवता, आणि ५५०० वर दिसतं गेल्या महिन्यातलं द्राक्ष निर्यातीचं पान. फाईल बरोबर, फोल्डर बरोबर, रीलोड करूनही तेच.

कारण असं: जुन्या प्रोजेक्टमध्ये ऑफलाइन चालण्यासाठी सर्व्हिस वर्कर (पानं साठवून नंतर स्वतःच देणारी, मागे चालणारी स्क्रिप्ट) घातलेला होता. त्या वर्करची नोंद ब्राउझर पत्ता आणि पोर्ट (पत्त्यातला कोलननंतरचा आकडा) यांच्या नावावर ठेवतो. तुमचे सगळे प्रोजेक्ट १२७.०.०.१ आणि ५५०० या एकाच नावाखाली चालतात, म्हणून जुना वर्कर नव्या प्रोजेक्टच्याही मधे उभा राहतो आणि स्वतः साठवलेली पानं देत राहतो. एफ१२ दाबा, ‘अ‍ॅप्लिकेशन’ टॅब, ‘सर्व्हिस वर्कर्स’, ‘अनरजिस्टर’. मग तिथेच ‘स्टोरेज’मध्ये ‘क्लिअर साइट डेटा’. त्यानंतर टॅब बंद करून पुन्हा उघडा.

याचंच दुसरं रूप म्हणजे सेव्ह केलेला डेटा हरवणं. लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव टिपून ठेवणारं पान एका विद्यार्थिनीने केलं होतं, लोकल स्टोरेज (ब्राउझरमध्येच डेटा साठवायची सोय) वापरून. एक दिवस यादी रिकामी. डेटा गेलेला नव्हता. आधी ती ‘१२७.०.०.१’ने उघडत होती, त्या दिवशी ‘लोकलहोस्ट’ने उघडलं. मशीन तेच, पण ब्राउझरच्या लेखी ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, दोघांची कपाटं वेगळी. पोर्ट बदलला तरी तेच होतं, आणि ५५०० आधीच अडलेला असेल तर लाईव्ह सर्व्हर गुपचूप दुसरा पोर्ट घेतो. म्हणून यादी रिकामी दिसली की आधी पत्ता पाहा, मग रडा.

साध्या कॅशचं काय? सर्व्हरने किती वेळ साठवायचं हे सांगितलं नाही, तर ब्राउझर फाईल शेवटची कधी बदलली यावरून स्वतः अंदाज बांधतो. पायथनचा छोटा सर्व्हर तसं काही सांगत नाही, म्हणून तिथे जुनी सीएसएस चिकटून बसू शकते. कंट्रोल-शिफ्ट-आर करा. एफ१२ उघडून ‘नेटवर्क’मध्ये ‘डिसेबल कॅश’वर खूण करून ठेवली तर आणखी बरं, पण ती खूण एफ१२ची खिडकी उघडी असेपर्यंतच लागू असते.

मराठी अक्षरांची दैना

अक्षरं तीन तऱ्हांनी बिघडतात आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ‘ए’ आणि त्याच्यामागे चलनाचं किंवा येनचं चिन्ह, अशी माळ पुन्हा पुन्हा दिसत असेल तर फाईल शाबूत आहे. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीत, म्हणजे एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ब्राउझर ते तिन्ही सुटे सुटे वाचतोय. हेडच्या अगदी सुरुवातीला, टायटलच्याही आधी, मेटा कॅरसेट यूटीएफ-८ ची ओळ घाला. ती फाईलच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत असावी लागते. वर मोठी कॉमेंट लिहिण्याची हौस असेल तर ती या ओळीच्या खाली लिहा.

अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाईल एडिटरमध्ये पुन्हा उघडून पाहा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील, तर सेव्ह करताना ‘अ‍ॅन्सी’ हे जुनं एन्कोडिंग निवडलं गेलं होतं आणि मजकूर खरोखर गेला. जुन्या प्रतीतून आणा किंवा पुन्हा टाईप करा. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड नवीन फाईल मुळातच यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतो. त्याआधीच्या मशीनवर सेव्ह करताना एन्कोडिंग हाताने निवडावं लागतं.

तिसरी तऱ्हा डीटीपीच्या दुकानातून येणाऱ्यांची. लग्नपत्रिकेचा किंवा माहितीपत्रकाचा मजकूर कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमधून आणून चिकटवला की पानावर अर्थहीन रोमन अक्षरं उमटतात. त्या मजकुरात मराठी अक्षरं नसतातच, रोमन अक्षरांना मराठी आकार दिलेले असतात. मेटा टॅगने हे सुटत नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, रफार आणि पहिली वेलांटी हमखास सरकतात.

नोटपॅड++, फोल्डरची नावं, लिनक्स

नोटपॅड++ या एडिटरमध्ये ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘व्ह्यू करंट फाईल इन’ आहे, तिथून हवा तो ब्राउझर निवडा. नोटपॅड++ तुमच्यासाठी सेव्ह करत नाही, तेवढं आधी करा. रन मेन्यूत स्वतःची आज्ञा लिहिली असेल आणि एकाच वेळी तीन-चार भलते टॅब उघडत असतील, तर फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे आणि आज्ञेत पाथभोवती अवतरणचिन्हं नाहीत. फोल्डरच्या नावात ‘#’ असेल तर काही एडिटरमधून पान सापडतच नाही, कारण ब्राउझर त्या चिन्हापुढचं सगळं पानातल्या जागेची खूण समजतो. फोल्डरला साधी नावं द्या.

उबंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप रूपात (बाकी यंत्रापासून वेगळ्या ठेवलेल्या पॅकेजमध्ये) येतो. त्याला टेम्पचं फोल्डर आणि घरच्या फोल्डरमधली टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डर वाचता येत नाहीत. एडिटरने प्रिव्ह्यूची फाईल तिथे ठेवली तर फाईल असूनही ‘सापडली नाही’ असं येतं. प्रोजेक्ट साध्या फोल्डरमध्ये हलवा, किंवा सर्व्हरने उघडा.

घरी विंडोजवर चालतं आणि होस्टिंगवर चढवल्यावर फोटो गायब, असं झालं तर नावातली मोठी-लहान अक्षरं ताडून पाहा. मोबाईलने जेपीजी मोठ्या अक्षरांत लिहिलं, तुम्ही कोडमध्ये लहान. विंडोज दोन्ही एक मानतं, लिनक्सचा सर्व्हर मानत नाही.

मोबाईलवर बघायचं असेल

मोबाईलमध्ये १२७.०.०.१ टाकून काही दिसणार नाही, कारण मोबाईलसाठी तो पत्ता म्हणजे मोबाईल स्वतः. कॉम्प्युटरवर ‘आयपीकॉन्फिग’ चालवून त्याचा आयपीव्ही४ पत्ता घ्या, दोन्ही यंत्रं एकाच वाय-फायवर ठेवा, पायथनचा सर्व्हर चालू करा आणि मोबाईलमध्ये तो पत्ता, कोलन, ८००० असं टाका. विंडोजच्या फायरवॉलने विचारलं तर खाजगी नेटवर्कसाठी परवानगी द्या. तरीही उघडलं नाही, तर राउटर जोडलेल्या यंत्रांना एकमेकांशी बोलू देत नसेल. लायब्ररी, कॅफे, कॉलेजच्या वाय-फायवर असं असतं. मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून कॉम्प्युटर त्याला जोडा.

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने वाहनतळापासून रामकुंड किती लांब ते दाखवणारी पानं आमच्याकडे बरीच जण करत आहेत. लॅपटॉपवर लोकेशन मिळतं, मोबाईलवर परवानगीची विचारणाच होत नाही. लोकेशन फक्त सुरक्षित पत्त्यावर मिळतं. एचटीटीपीएस सुरक्षित, आणि स्वतःच्या यंत्राचा लोकलहोस्टही सुरक्षित मानला जातो, पण वाय-फायवरचा १९२.१६८ चा साधा एचटीटीपी पत्ता नाही. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, फोनच्या डेव्हलपर पर्यायांत यूएसबी डीबगिंग चालू करा, कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये ‘क्रोम://इन्स्पेक्ट’ उघडून ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मध्ये ८००० नोंदवा. मग फोनमध्येच लोकलहोस्ट, कोलन, ८००० असं टाकलं की कॉम्प्युटरवरचं पान उघडतं आणि लोकेशनही विचारतं.

इतकं करून अडलात आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर ‘चालत नाही’च्या स्क्रीनशॉटऐवजी अ‍ॅड्रेस बारमधला पूर्ण पत्ता, एडिटरमधून कॉपी केलेला पाथ आणि एफ१२च्या कन्सोलमधली सगळ्यात वरची लाल ओळ पाठवा. खालच्या लाल ओळी बहुधा पहिलीमुळेच आलेल्या असतात.